‘हिचकी’ वर्गाला दाखवा, पण मुलाला मंचावर बोलावू नका

पत्र: माझा मुलगा पाचवीत आहे. दुसरीत असताना त्याचे डोळे सारखे मिचकायला लागले, मग नाक ओढणं, मग मान झटकणं, आणि गेल्या वर्षापासून घशातून ‘हुं-हुं’ असा आवाज. डोळ्यांचे डॉक्टर झाले, ॲलर्जीची औषधं झाली. चार महिन्यांपूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांनी टुरेट सिंड्रोम असल्याचं सांगितलं. औषध सध्या नको म्हणाले. वर्गशिक्षिका मनाने चांगल्या आहेत. त्यांनी ‘हिचकी’ पाहिला आहे. येत्या शनिवारी पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुलांना तो दाखवायचा, शेवटी माझ्या मुलाला मंचावर बोलवायचं आणि त्याने चार शब्द बोलायचे, असं त्यांच्या मनात आहे. मुलाला विचारलं तर तो मान खाली घालून गप्प बसतो. सासरे म्हणतात, पिक्चरमधली बाई एवढी मोठी झाली तरी तिचं गेलं नाही, मग याचं कसलं जातंय. मी काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा

नमस्कार ताई,

शनिवार तोंडावर आलाय, म्हणून आधी त्याचंच बोलू. चित्रपट जरूर दाखवावा, पण या शनिवारी घाईने नको, तीन इयत्ता एकत्र बसवून नको, आणि मुलाला मंचावर तर अजिबात नको. बाईंना आजच भेटा आणि एवढं तरी थांबवा. बाकीचं सावकाश ठरवता येईल.

मंचाची कल्पना बाईंना कुठून सुचली असेल, हे कळण्यासारखं आहे. ‘हिचकी’ मार्च २०१८मध्ये आला. राणी मुखर्जीने साकारलेली नैना माथुर ही टुरेट असलेली शिक्षिका. मूळ कथा ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाची, त्यांच्यावर २००८मध्ये तिकडे एक टीव्ही चित्रपटही निघाला होता. ‘हिचकी’त नैनाच्या लहानपणीचा एक प्रसंग आहे. विक्रम गोखले यांनी रंगवलेले मुख्याध्यापक तिला सगळ्या शाळेसमोर बोलावतात आणि विचारतात, आम्ही तुझ्यासाठी काय करू? मला इतरांसारखंच वागवा, असं ती सांगते. पाहताना डोळे भरून येतात, आणि चांगल्या शिक्षकाला वाटतंच की आपणही असं करावं.

त्या प्रसंगात घेण्यासारखं आहे ते मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न. मंच घेण्यासारखा नाही. टुरेटमधल्या टिक्स, म्हणजे आपसूक होणाऱ्या हालचाली आणि आवाज, ताणाने वाढतात, सगळ्यांच्या नजरा वळल्या की वाढतात आणि नुसता विषय निघाला तरी वाढतात. दोन तास पडद्यावर टिक्स पाहिल्यावर तुमच्या मुलाला स्वतःला जास्त टिक्स येणार, हे जवळजवळ ठरलेलं आहे. अशा वेळी त्याला माइकसमोर उभं केलं तर दोनपैकी एक होतं. एकतर मान आणि घसा थांबतच नाहीत आणि पोरं हसतात. नाहीतर तो सगळा जीव एकवटून पाच मिनिटं टिक्स दाबून धरतो, आणि मग ‘बघा, मनात आणलं की जमतं याला’ हे वाक्य शाळेत कायमचं रुजतं. हे दुसरं जास्त वाईट. टिक्स थोडा वेळ दाबता येतात हे खरंच आहे. पण दाबताना पूर्ण लक्ष तिकडेच जातं, शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. शाळेत दिवसभर धरून ठेवलेलं बरंचसं घरी आल्यावर एकदम बाहेर पडतं, अशी तक्रार कितीतरी आया करतात. तुमचा मुलगा शाळेतून आल्या आल्या जास्त आवाज काढत असेल, तर तो हट्ट किंवा नाटक समजू नका.

त्याने मान खाली घातली, हे त्याचं उत्तरच आहे: नको. पण नेमकं काय नको, ते समजून घ्यायला हवं. ‘दाखवू का पिक्चर?’ असं विचारलं की दहा वर्षांचं मूल गप्प बसतं, कारण त्यातलं काय टाळता येईल हे त्याला माहीतच नसतं. म्हणून कागदावर पर्याय लिहून द्या. चित्रपट दाखवायचा, माझं नाव घ्यायचं नाही, मी वर्गात बसणार. नाव घ्यायचं, पण त्या वेळी मी वर्गात नसेन. नाव घ्यायचं, मी असेन, कुणी विचारलं तर उत्तर देईन. चित्रपट दाखवायचाच नाही. रात्री निवांत वेळी, आजी-आजोबा समोर नसताना कागद द्या आणि खूण करायला सांगा. त्या दिवशी सकाळपर्यंत मत बदलता येईल, हेही सांगा. बरीच मुलं दुसरा पर्याय निवडतात: सगळ्यांना कळू दे, पण मी तिथे नको. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या तासाला तो ग्रंथालयात बसेल किंवा सुट्टी घेईल. चौथा पर्याय निवडला तर चित्रपट राहू द्या. शाळेने करायच्या खऱ्या गोष्टी त्याच्याशिवायही होतात, त्या पुढे लिहिल्या आहेत.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांनी पडद्यावर जे पाहिलं त्यावरून अंदाज बांधला. नैनाचं मोठेपणीही गेलेलं नाही हे बरोबर, पण सगळ्यांचं तसं होत नाही. टिक्स साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा ते बाराच्या दरम्यान सर्वांत जोरात असतात आणि पुढे किशोरवय सरता सरता बहुतेकांच्या बऱ्याच कमी होतात. काहींच्या जवळजवळ जातात, काहींच्या राहतात. तुमच्या मुलाचा क्रमही पुस्तकातल्यासारखाच आहे: डोळे, मग नाक, मग मान, मग आवाज. एक टिक जाते, दुसरी येते, महिनाभर शांत जातो आणि परीक्षेच्या तोंडावर पुन्हा उसळी येते. सासऱ्यांना सांगा की नातवाचं वय सध्या चढावरचं आहे. येती दोन-तीन वर्षं कदाचित अशीच जातील, आणि या काळात त्याला कुणी सारखं ‘गप्प बस, मान सरळ ठेव’ म्हटलं नाही तर त्याचा निम्मा त्रास तिथेच वाचेल. सांगून टिक थांबत नाही, उलट आठवण करून दिली की वाढते. घरात हा एक नियम करा: टिकवर कुणीही काही बोलायचं नाही. रागावून नाही, प्रेमाने नाही, पाहुण्यांना समजावण्यासाठीही नाही.

चित्रपटाबद्दल आमचं मत चांगलं आहे. हिंदीत टुरेटवर इतक्या ठळकपणे बोललेला आणि घराघरांत पोचलेला दुसरा चित्रपट आम्हाला माहीत नाही. नैनाची हुशारी आणि तिच्या टिक्स या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो नीट दाखवतो. घरच्यांची लाज मुलाला किती खोल लागते, हे सचिन पिळगावकर यांनी साकारलेल्या वडिलांत दिसतं. सासऱ्यांनी पुन्हा पाहिला तर या बाजूने पाहावा. पण काही गोष्टी बाईंना आधीच माहीत हव्यात. नैनाच्या टिक्स बहुतांशी त्याच त्या राहतात, हनुवटीपाशी हात आणि ठरावीक आवाज. तुमच्या मुलाच्या बदलत राहतील, आणि ‘काल तर मान हलत नव्हती, आज कशी?’ असा संशय वर्गात येऊ शकतो. टुरेटसोबत अनेक मुलांना अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, किंवा मनात तेच ते विचार येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं, असाही त्रास असतो, आणि अभ्यासाला पुष्कळदा टिक्सपेक्षा तोच नडतो. चित्रपट त्याकडे वळत नाही. उपचारांवरही तो फारसा थांबत नाही. आणि पुढे कथा मुख्यतः ९ एफच्या मुलांची होते, म्हणजे बंद पडलेल्या महापालिका शाळेतून मोठ्या शाळेत आलेल्या आणि तिथे कुणाला नको असलेल्या मुलांची. तो विषय मोलाचा आहे, पण टुरेट समजायला पाचवीच्या वर्गाला पूर्ण चित्रपटाची गरज नाही.

बाईंनी आधी घरी तो पाहावा आणि कुठून कुठपर्यंत दाखवायचं ते मिनिटांसह लिहून ठेवावं. सुरुवातीचा भाग, ज्यात नोकरीसाठीच्या मुलाखती, लहानपणीचे प्रसंग आणि तो मुख्याध्यापकांचा प्रसंग येतो, तेवढा पुरे. सलग दोन तास घ्यावेत, चित्रपटाला एका तासाहून कमी वेळ द्यावा आणि उरलेला वेळ बोलायला ठेवावा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळायची. ९ एफमधली मुलं नैनाची नक्कल करतात, खिल्ली उडवतात. तो भाग दाखवून झाला आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा वाजली, तर मुलं ती नक्कल तोंडात घेऊनच मैदानावर जातील, आणि पुढचा आठवडाभर तुमच्या मुलाला तेच ऐकावं लागेल. म्हणून एकतर त्या प्रसंगाच्या आधी थांबायचं, नाहीतर तो दाखवून लगेच त्यावर बोलायचं. सुट्टीआधीचा तास घेऊच नये. शाळा सुटण्याआधीचाही नको. पहिले दोन तास सर्वांत बरे.

चित्रपट लावण्याआधी पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगाव्यात: हा आजार संसर्गजन्य नाही, हे माणूस मुद्दाम करत नाही, आणि याचा बुद्धीशी संबंध नाही. पहिली गोष्ट गृहीत धरू नका. ‘आमच्या मुलाला लागेल का’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. शेजारच्या मुलाने चार दिवस नक्कल केली म्हणून त्याला टुरेट झालेला नसतो. निदानासाठी अनेक हालचालींच्या टिक्स आणि किमान एक आवाजाची टिक लागते, त्या वर्षभराहून अधिक काळ टिकलेल्या असाव्या लागतात आणि सुरुवात अठरा वर्षांच्या आत झालेली असावी लागते.

नंतर भाषण नको. मुलांना स्वतःला अनुभवू द्या. प्रत्येकाने डोळे न मिटता समोर पाहायचं. काही सेकंदांत डोळे चुरचुरतात, मिटावेसे वाटतात, रोखून धरलं की दुसरं काही सुचत नाही आणि शेवटी पापणी पडतेच. टिकच्या आधी अनेकांना शरीरात अशीच एक कळ येते, आणि टिक झाली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. चित्रपटातलं मेंदूतल्या तारांचं स्पष्टीकरण लक्षात राहायला सोपं आहे, पण ही कळ त्यातून कळत नाही, ती या खेळातून कळते. दुसरा खेळ लिहिण्याचा. सगळ्यांनी वहीत ‘भारत माझा देश आहे’पासून प्रतिज्ञा लिहायला घ्यायची. बाईंनी मध्येच, कधी तीन सेकंदांनी कधी दहा, टाळी वाजवायची. टाळी वाजली की पेन्सिल खाली ठेवायची, मान एकदा वळवायची, शेवटचा शब्द खोडायचा आणि तोच पुन्हा लिहायचा. दोन मिनिटांनी थांबवा. कुणाची किती वाक्यं झाली आणि अक्षर कसं आलंय, ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावं. तुमच्या मुलाचा गृहपाठ अपुरा का राहतो, हे यानंतर वर्गाला वेगळं सांगावं लागत नाही. खेळाच्या वेळी तुमचा मुलगा वर्गात असेल तर त्याला टाळ्या वाजवायचं काम द्या, अर्थात त्याला हवं असेल तर.

मुलं एक प्रश्न नक्की विचारतील: असे लोक शिव्या देतात ना? हे मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे डोक्यात बसलेलं असतं. इच्छा नसताना अपशब्द तोंडातून जाणं हे टुरेट असलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांतच दिसतं. तुमच्या मुलाला ते नाही, एवढं बाईंनी शांतपणे सांगावं. शिक्षकांना या बाजूचं पाहायचं असेल तर २०२५चा ब्रिटिश चित्रपट ‘आय स्वेअर’ आहे, स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्सच्या जॉन डेव्हिडसन यांच्या आयुष्यावरचा. १९८९मध्ये बीबीसीने त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा ते किशोरवयीन होते, पुढे टुरेटबद्दल लोकांना समजावण्याच्या कामासाठी त्यांना ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला. भाषेमुळे हा चित्रपट पाचवीच्या मुलांना दाखवण्याजोगा नाही. शिक्षकांनी पाहावा.

ताई, चित्रपटाचा परिणाम आठवडा-पंधरा दिवस टिकतो. वर्षभर उपयोगी पडतं ते वर्गातलं रोजचं वागणं. मुख्याध्यापकांना एक पानी पत्र द्या, सोबत निदानाच्या कागदाची प्रत जोडा आणि पोच घ्या, कारण पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलतील. पत्रात लिहा: टिककडे दुर्लक्ष करावं, वर्गात थांबवू नये, त्यासाठी शिक्षा किंवा प्रगतिपुस्तकात शेरा नको. त्याला दाराजवळचा, बाजूच्या रांगेतला बाक द्यावा. पहिला बाक नको, तिथे सगळा वर्ग पाठीमागून मानेकडेच पाहत राहतो. बाईंशी एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ पेन्सिल बाकाच्या कडेला उभी धरणं. ती केली की तो काही न विचारता बाहेर जाऊन पाणी पिऊन, पाच मिनिटं मोकळेपणी टिक्स करून परत येईल. परिपाठात मौनाच्या वेळी घशाचा आवाज हमखास येतो, कारण सगळं शांत असतं आणि तो धास्तावलेला असतो. त्याला रांगेच्या टोकाला उभं करा आणि कवायतीच्या सरांनाही याची कल्पना द्या. मुलांना शिक्षा बहुतेकदा अशाच माणसाकडून होते ज्याला कुणी सांगितलेलं नसतं: बदली शिक्षक, परीक्षेचे पर्यवेक्षक, रिक्षावाले काका. तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता बाजूला घ्यावी. लेखी परीक्षेत वेगळी खोली आणि थोडा जास्त वेळ मागावा. हा वेळ घटक चाचणीपासूनच मागा, कारण शाळेच्या नोंदी असल्या की दहावीच्या सवलतीसाठी अर्ज करताना हाताशी कागद राहतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या यादीत टुरेटचं नाव स्वतंत्रपणे नाही, म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कोणत्या आधारावर मिळू शकेल हे तज्ज्ञांना आत्ताच विचारून ठेवा. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर ती त्या यादीत आहे.

औषध सध्या नको, हा डॉक्टरांचा निर्णय योग्य वाटतो. टिक दिसते म्हणून औषध देत नाहीत. टिकमुळे दुखत असेल, झोप किंवा शाळा बुडत असेल, मूल खचत असेल तेव्हा देतात. पण औषध नको म्हणजे उपचार नको असं नाही. टिक्ससाठी एक वर्तन-उपचार आहे, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीबीआयटी’ म्हणतात. साधारण दहा आठवड्यांत आठ बैठका होतात. टिक येण्याआधीची कळ ओळखायला शिकवतात आणि ती आली की टिकच्या आड येणारी दुसरी शांत हालचाल करायला लावतात. मान झटकत असेल तर हनुवटी किंचित खाली आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, घशातून आवाज येत असेल तर तोंड मिटून नाकाने संथ श्वास. एक मिनिट, किंवा कळ जाईपर्यंत. टिक्स कशाने वाढतात हेही त्यात शोधतात आणि तेवढं बदलतात. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ५२.५ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. नुसती माहिती आणि धीर दिलेल्या गटात ती १८.५ टक्के होती. व्हिडिओ पाहून घरी सुरू करू नका. चुकीची हालचाल शिकवली की तीच नवी टिक होऊन बसते, आणि आई-वडील उपचारकाऐवजी पहारेकरी होतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात ‘टिक्ससाठी सीबीआयटी किंवा हॅबिट रिव्हर्सल (म्हणजे टिकच्या जागी दुसरी हालचाल शिकवणं) कोण करतं’ असं नेमकं विचारा. जिल्ह्यात कुणी नसेल तर ऑनलाइन बैठकाही चालतात. कुठे जावं हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मानेकडे लक्ष ठेवा. मानेचा झटका जोराचा व्हायला लागला, त्यासोबत हाताला मुंग्या येणं, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘मला नको हे असं जगणं’ असं काही तो बोलला तरीही तसंच करा. या वाक्याला आजोबा लाडीगोडी लावून टाळतील, तुम्ही टाळू नका.

बाईंना भेटताना आधी त्यांचे आभार माना. टुरेटचं नाव ऐकून मुलाला शेवटच्या बाकावर ढकलणाऱ्या शाळा आहेत, या बाईंनी तर आपणहून पुढाकार घेतलाय. त्यांना म्हणा, चित्रपटातल्या मुख्याध्यापकांनी विचारला तो प्रश्न माझ्या मुलाला जरूर विचारा, मधल्या सुट्टीत, तुम्ही दोघंच असताना. उत्तर लगेच मिळालं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.